गाडीत न चढणारा माणूस

सापगावात कुंडलिकला नावाने हाक मारणारी दोनच माणसं उरली होती. एक त्याची आई चंदाबाई आणि दुसरा ग्रामपंचायतीचा शिपाई, तोही कागदावर सही हवी असेल तेव्हाच. बाकी गावाला तो ‘पाणीवाला’. त्याचा फोन वाजायचा तो एकाच प्रश्नासाठी, की पाणी कधी सोडणार. सोडलं की फोन गप्प. पाणी वेळेवर आलं म्हणून कोणी त्याला आवर्जून फोन केल्याचं ऐकिवात नाही, आणि तशी आशा धरण्याइतका तो भाबडाही नव्हता.

त्याचं काम असं. सकाळी आठला भातसा नदीच्या पुलाजवळच्या पंपघरात जायचं, मोटर चालू करायची आणि टेकाडावरची टाकी भरेपर्यंत तिथंच बसायचं. टाकी भरायला साडेतीन तास लागतात. मग एकेका आळीचा वाल फिरवत गावभर हिंडायचं. यातलं हिंडणं अर्ध्या-पाऊण तासाचं, बसणंच खरं. मोटर सोडून जाता येत नाही, कारण लाइट गेली-आली की ती पुन्हा चालू करावी लागते. म्हणजे हा माणूस रोज साडेतीन तास पंपघराच्या पायरीवर बसून काहीही न करण्याची नोकरी करत होता, आणि ती अकरा वर्षं इमानाने केली होती.

वय छत्तीस. लग्नाचं दोन-तीनदा जमत आलं होतं. मुलीकडची माणसं येत, चहा घेत, मुलगा काय करतो ते विचारत आणि पाणी सोडतो म्हटलं की घड्याळाकडे बघत. धाकटा भाऊ अनिल कल्याणला कामाला लागला, तिथंच राहिला आणि पुढे सणाला फोन करण्यापुरता भाऊ उरला. चंदाबाईला कमी ऐकू येऊ लागल्यापासून घरातलं बोलणंही जेवलास का आणि भात उरलाय का एवढ्यावर आलं. कुंडलिक तक्रार करणाऱ्यातला नव्हता. पण माणसाचा आवाज वापरात नसला की त्याला गंज चढतो. कधी रस्त्यावर कोणी वाट विचारली तर उत्तर द्यायच्या आधी त्याला दोनदा खाकरावं लागायचं.

पायरीवर बसून तो फोनवर बस चालवायचा.

हा गेम पोरासोरांना ठाऊक आहे. स्टिअरिंग, ब्रेक, हॉर्न सगळं बोटाखाली. कंपनीने दिलेल्या बसगाड्या आणि रस्ते मात्र कुठल्यातरी परक्या देशातले. म्हणून आपल्याकडच्या हौशी लोकांनी त्यात घालायला स्वतःच्या गोष्टी बनवल्या. कोणी लाल एसटी बनवली, कोणी तिची घंटी, कोणी घाटातला रस्ता. गेममध्ये बाहेरून घातलेल्या या जोडणीला ‘मॉड’ म्हणतात. बनवणारे फुकट बनवतात, नेटवर टाकतात, आणि चालवणारे शोधून शोधून आपल्या फोनात घालतात.

कुंडलिकला असाच एक दिवस एक रस्ता सापडला. शहापूर ते मुरबाड. बनवणाऱ्याने नाव लावलं होतं ‘किन्हवलीकर’, बाकी अता नाही पता नाही. त्याने तो फोनात घातला, शहापूर स्टँडवरून गाडी काढली, आणि थोड्या वेळाने समोर भातसेचा पूल आला. त्याच्याच पुलाचा कठडा, मधे एका ठिकाणी तुटलेला, तोही तसाच. पुढे शेणवे, किन्हवली, सरळगाव, मुरबाड. वळणावरचा आंबा होता, वीटभट्टी होती, पाटी गंजलेला थांबा होता. पंपघरही होतं, निळ्या दाराचं. त्या दिवशी त्याने हा रस्ता चार वेळा चालवला आणि टाकी भरून वाहून गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा गावातून फोन आला की अरे बाबा, बंद कर पाणी.

खरं तर त्याने तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण गोडी लागली की माणूस दुसऱ्यालाही वाटू पाहतो. गेम खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात तो शिरला. तिथे रोज तेच रडगाणं. रस्त्याची लिंक एकीकडे, गाडीची दुसरीकडे, घंटीची तिसरीकडे. मधे दहा जाहिराती, मग पासवर्ड, आणि पासवर्ड सांगणारा गावाला गेलेला. दोन मॉडच्या फाइलींचं नाव एकच निघालं तर एक आली की दुसरी गायब. वरून पोरांचे फोन स्वस्तातले. रस्ता घातला की फोन तापायचा आणि शेणव्याच्या पुढे गाडी जागीच थिजायची.

कुंडलिककडे साडेतीन तास होते आणि एक जुना, काच तडकलेला फोन होता. त्याने ठरवलं, सगळं एकत्र बांधून द्यायचं. एकच फाइल, एकदाच उतरवायची, आणि ती या तडकलेल्या फोनवर चालली म्हणजे कुठेही चालेल. पंपाच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर त्याने एकेक मॉड लिहून काढला. कोणता आधी घालायचा, कोणता नंतर, कशाचं कशाशी पटत नाही. एकमेकांना गिळणाऱ्या फाइलींची नावं बदलली. चित्रं बारीक करून वजन उतरवलं. प्रत्येक मॉडबरोबर बनवणाऱ्याची एक लिखापढीची फाइल असायची. त्या सगळ्या त्याने न वाचताच उडवल्या, आपण खोका उघडल्यावर आतला कागद फेकतो तशा. दीड महिना हे चाललं. शेवटी चौदा गाड्या, तीन घंट्या आणि एक रस्ता असा त्याचा ‘शहापूर-मुरबाड पॅक’ तयार झाला.

विचारलं का कोणाला? सुरुवातीला दोघांना विचारलं होतं. एकाने लिहिलं, घे की भावा. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. मग त्याने विचारणं सोडून दिलं, आणि त्याबद्दल त्याच्या मनात खळखळ नव्हती. तो भाताच्या गावात वाढलेला. आपल्याकडे लावणी-कापणी सावडीवर होते, आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे, मजुरीचं नाव नाही. हेही तसंच, असं त्याने धरलं. त्यांनी गाड्या बनवल्या, मी बांधून दिल्या, पोरांच्या अडचणी सोडवल्या. फेड झाली. वर एक ओळ टाकली, ‘सर्व मूळ कलाकारांचे आभार’. कलाकारांची नावं लिहायची तर यादी लांबली असती.

पॅक असा उचलला गेला की विचारू नका. दोन महिन्यांत ग्रुपात नऊशे माणसं झाली. जव्हारचा एक, अकोल्याचा एक, कसाऱ्याचे तर डझनभर. सगळी त्याला ‘सापगावकर दादा’ म्हणायची. दादा, फोन तापतो. दादा, घंटी वाजत नाही. दादा, जेवलात का? हा शेवटचा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा कुंडलिकने मोटर बंद करून तो पुन्हा वाचला. विचारणाऱ्याचं नाव हर्षित होतं, तो कुठला, काय करतो, काही माहीत नव्हतं. तरी त्याने काय काय जेवलो ते सगळं लिहून पाठवलं, लोणच्यासकट.

माणूस सुखात होता हे स्पष्ट सांगायला हवं. पुढचं त्यामुळेच कठीण झालं.

भाद्रपदात ग्रुपमध्ये एका नव्या नंबराने विचारलं, “किन्हवली स्टँडवरचा माणूस कुठे गेला?”

कुंडलिकला लगेच आठवलं. मूळ रस्त्यात किन्हवलीच्या थांब्यावर, पाटीखाली, एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात छत्री. गेममध्ये थांब्यावर गाडी लावून दार उघडलं की उभे असलेले लोक चढतात. हा चढायचा नाही. दहा मिनिटं थांबा, हॉर्न वाजवा, तो आपला उभाच. कुंडलिकने त्यावर दोन दिवस डोकं फोडलं होतं आणि शेवटी बनवणाऱ्याची चूक म्हणून त्याला काढून टाकलं होतं. एवढी एक आकृती काढल्यावर किन्हवलीत गाडी अडकायची थांबली, म्हणून त्याला त्या दुरुस्तीचा अभिमानही होता.

त्याने उत्साहाने लिहिलं की तो बग होता, गाडीत चढतच नव्हता, काढला, आता रस्ता कसा हलका झालाय बघा. खाली चाळीस जणांनी अंगठे उमटवले.

थोड्या वेळाने त्या नंबराचं उत्तर आलं, ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. “तो माझा बाप होता, मी त्याची पोरगी. रस्ता मी बनवलाय.” आणि ती बाई ग्रुप सोडून गेली. किन्हवलीकर बाई असेल हे कुंडलिकच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याने मूळ रस्ता पुन्हा उतरवला. आतली लिखापढीची फाइल पहिल्यांदा उघडली. तीनच ओळी होत्या. हा रस्ता दुसरीकडे टाकू नये. यात बदल करू नये. काही हवं असल्यास विचारावं, मी उत्तर देते. खाली नाव मनस्वी, आणि नंबर. म्हणजे दार होतं, दारावर कडीही होती, आणि हा गडी मागच्या कुडातून आत शिरून भिंत पाडून बाहेर आला होता.

त्या दिवसापासून त्याचं खाणंपिणं बिनसलं. त्याने तिला माफीचा मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी पाठवला तो दोन शब्दांचा, चूक झाली. तो तिने वाचला आणि उत्तर दिलं नाही. मग त्याने पॅकच्या नव्या आवृत्तीत माणूस परत उभा केला आणि मनस्वीचं नाव वर घातलं. पण चित्रं बारीक केलेली असल्यामुळे माणसाचा चेहराच पुसट झाला, आणि पाटीही अंगावर आल्यासारखी दिसायला लागली. दुसऱ्याच दिवशी तक्रारी सुरू. दादा, किन्हवलीत बग परत आलाय. दादा, तो म्हातारा काढा ना. हर्षितनेही लिहिलं की दादा, मागचंच बरं होतं.

खरं कारण सांगावं तर एका परक्या बाईचं दुःख नऊशे लोकांपुढे मांडावं लागणार. न सांगावं तर लोक म्हणणार दादाला जमत नाही. ग्रुपात एक-दोघांना कुणकुण लागली तेव्हा ते म्हणाले, नेटवर टाकलं म्हणजे लोकांचं झालं, तुमी कशाला घाबरता. कुंडलिकला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली. पॅक काढून टाकायचा हा एकच सरळ मार्ग होता, तो त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होता. पण पॅक गेला की दादाही गेला. मग पुन्हा साडेतीन तास, पायरी आणि पाणी कधी सोडणार. तो आज-उद्या करत राहिला. असे दीड-दोन महिने गेले.

कार्तिकात भात पिकून आडवं व्हायला आलं. एका दुपारी चंदाबाईने सांगितलं, उद्या आपली कापणी धरू, भागीकाकूच्या घरी सांगून ये, त्यांची तीन माणसं येतील. कुंडलिकने खिशातून फोन काढला आणि नंबर शोधायला लागला. कमी ऐकणाऱ्या आईला दिसत मात्र सगळं होतं.

“फोनवर बोलवतंस सावडीला?” ती म्हणाली. “घरी जावा लागतं रे. दारात उभं रावून सांगावं लागतं, उद्या या. ती नाय बोलली तर नाय ऐकून परत यावा लागतं. आपली गरज हाय ना?”

“ती येतेच की दरवर्षी.”

“येते. म्हणून तर इचारायचं.”

कुंडलिक भागीकाकूकडे गेला. दारात उभा राहिला, सांगितलं, ती हो म्हणाली, गुळाचा चहा झाला. सगळं नेहमीसारखं. पण परत येताना तो बांधावर मधेच थांबला. सावड, सावड म्हणून आपण स्वतःला जे समजावत आलो, त्यातला पहिला भागच आपण गाळला, हे त्याला छत्तिसाव्या वर्षी, आईच्या तोंडून कळलं. लहानपणापासून आई-बापाला आदल्या दिवशी दारोदार जाताना पाहिलं होतं. त्याला वाटलं होतं ते चहासाठी जातात.

कापणी उरकली. पुढच्या शुक्रवारी दिवसभर लाइट बंद असणार होती, म्हणजे मोटर बंद, म्हणजे सुट्टी. त्याने घडीचा शर्ट घातला आणि दुपारच्या गाडीने किन्हवलीला गेला. रस्त्यातलं प्रत्येक वळण त्याला पाठ होतं. बाजूला बसलेल्या बाईला त्याने आता आंबा येईल, आता वीटभट्टी येईल असं सांगितलंही असतं, पण तिला त्यात काय रस.

स्टँडसमोर चहाचं दुकान होतं. तिथे त्याने चौकशी केली. दुकानातली बाई म्हणाली, गेमबिमचं आपल्याला कळत नाही, पण मनस्वी म्हणजे कमळाकरची पोरगी, शहापूरला फ्लेक्स बॅनरच्या दुकानात कॉम्प्युटरवर काम करते, सहाच्या गाडीने उतरेल. मग पाटीकडे हात करून तिने आपणहून सांगितलं की कमळाकर तिथे उभा राहायचा. पोरगी कॉलेजला जायला लागली तेव्हापासून, रोज, ऊन असो नसो हातात छत्री घेऊन. स्टँडपासून घर आत दोन किलोमीटर, वाट रानातली. गाडी कितीही उशिरा आली तरी हा हलायचा नाही. दोन वर्षांमागे छातीत कळ येऊन गेला.

कुंडलिकने चहा तसाच ठेवला. त्याला चढायचंच नव्हतं. तो न्यायला आला होता. आणि आपण दोन दिवस त्याला गाडीत कोंबायचा प्रयत्न करत होतो.

सहा वाजत आले तसा तो उठून पाटीखाली जाऊन उभा राहिला. कुठे उभं राहायचं याचा त्याने विचार केला नव्हता. गाडी थांबते तिथे माणूस उभा राहतो, एवढंच. गाडी आली, दार उघडलं, चार माणसं उतरली. ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहून विचारलं, चढायचं नाय का? कुंडलिकने मान हलवली. शेवटी एक मुलगी उतरली, चोवीस-पंचवीसची, खांद्याला काळी बॅग. तिने सवयीने पाटीकडे पाहिलं आणि पायरीवरच थबकली. तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला. ते कुंडलिकला दिसलं. आपण कुठे उभे आहोत हे त्याला तेव्हा कळलं, आणि तो घाईने चार पावलं बाजूला झाला.

त्याने दोनदा खाकरून सांगितलं, “मी कुंडलिक. सापगावला पाणी सोडतो.”

“सापगावकर दादा,” ती म्हणाली. आवाजात राग होता की नुसता थकवा, ते त्याला ओळखता आलं नाही.

“इचारायला आलोय. तुमचा रस्ता माझ्या पॅकमधे ठेवू का?”

“आता इचारताय?”

“उशीर झाला. पण इचारलंच नव्हतं.”

गाडी मुरबाडकडे निघून गेली. मग तिने सांगितलं ते तो जन्मभर विसरणार नाही.

“पहिलं इचारलं असतंत तर देऊन टाकला असता. पोरांचे फोन कसले असतात ते मला ठाऊक नाय का? मीच तुमाला हलका करून दिला असता, बाबांना हात न लावता.” ती पाटीकडे बघत होती. “लोकं गाडी थांबवायची, दार उघडायची, हॉर्न मारायची. मला मेसेज करायची, हा चढत का नाय. मला बरं वाटायचं. कोनतरी त्यांच्यासाठी थांबतंय.”

कुंडलिकनेही पाटीकडे पाहिलं.

“आता नाय,” ती म्हणाली. “नाय ठेवायचा.”

“बरं,” तो म्हणाला. आईने शिकवल्याप्रमाणे तो नाही ऐकून परत निघाला. तिला घरापर्यंत सोबत करू का, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते विचारायचा आपल्याला हक्क नाही हे त्याला कळत होतं. ती रानातल्या वाटेने मोबाइलचा उजेड पाडत एकटी गेली. परतीची गाडी नव्हती. दुधाच्या टेम्पोवाल्याने त्याला शेणव्यापर्यंत आणून सोडलं, पुढे तो चालत आला.

दुसऱ्या दिवशी त्याने पायरीवर बसून पॅक काढून टाकला. ग्रुपवर लिहिलं की यातला रस्ता मी न विचारता घेतला होता, मालकिणीने नाही म्हटलंय, तुमच्या फोनात असेल तर तुमीही काढा. गाड्यांचं काय करायचं ते ज्यानं बनवल्या त्याला विचारून सांगेन. एकेकाला विचारायला त्याने सुरुवातही केली. चौदांपैकी अकरा जण हो म्हणाले. विचारायला किती थोडं लागतं हे पाहून त्याला स्वतःचाच राग आला.

पण रस्ता नसलेल्या गाड्यांना कोण विचारतो? आठवड्याभरात दुसऱ्या एकाने तोच पॅक स्वतःच्या नावाने टाकला. कुंडलिकचीच बांधणी, कुंडलिकनेच बदललेली फाइलींची नावं. फक्त सापगावकर हे नाव खोडलेलं, आणि किन्हवलीचा थांबा रिकामा. कुंडलिक भडकला. त्याने त्या माणसाला लांबलचक लिहिलं की हा रस्ता एका बाईचा आहे, तो काढा. उत्तरादाखल हसणारं एक चित्र आलं. त्याने पुन्हा लिहिलं, तेव्हा त्याने याचा नंबरच बंद करून टाकला. आता सांगायचं कोणाला? जे आपण सोडून दिलं ते आपल्या हातून कायमचं गेलं. नऊशे फोनांत, आणि तिथून पुढे कुठे कुठे, कमळाकर थांब्यावर नव्हता. आणि ते कुंडलिकचंच कर्तृत्व होतं.

माणसं हळूहळू त्या दुसऱ्याच्या ग्रुपात गेली. भांडून कोणी गेलं नाही, तेवढीही ओढ नव्हती. होळीपर्यंत तीस-पस्तीस उरली, तीही बोलत नसत. हर्षित कधी गेला ते कळलंच नाही. कुंडलिकने एकदा त्याला वेगळा मेसेज केला, जेवलास का? त्यावर विचारणा आली, कोण? फोन पुन्हा पूर्वीसारखा झाला, आणि पाणी कधी सोडणार या प्रश्नाला त्याने पूर्वीसारखीच उत्तरं द्यायला सुरुवात केली. वाईट वाटतं का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. वाटत होतं, फार वाटत होतं.

चैत्रात एक दिवस मोटर चालू करून तो बसला होता, तेव्हा मनस्वीचा मेसेज आला.

“रस्ता नव्याने करतेय, हलका. मी रोज सव्वानऊच्या गाडीने तुमच्या पुलावरून जाते. तुमी पंपघराच्या पायरीवर बसलेले दिसता. तिथं एक माणूस बसवू का? नाय बोललात तरी चालेल.”

कुंडलिकने तो मेसेज कितीतरी वेळा वाचला. पहिल्यांदा छाती भरून आली. रोज आपल्याला कोणीतरी पाहतं, सकाळी सव्वानऊला, गाडीच्या खिडकीतून. आणि विचारतंय. मग दुसऱ्या वाचनात त्याला ती पायरी पुलावरून दिसायला लागली. निळं दार, खाली वाकलेली मान, आजूबाजूला चिटपाखरू नाही. लांबून आपण असे दिसतो तर, त्याला वाटलं. हो म्हणणं जिवावर आलं. पण नाही म्हणवेना. दुपारी टाकी भरल्यावर त्याने एकच शब्द लिहिला, “बसवा.”

वैशाखात एका सकाळी तो पायरीवर बसला असताना नवा रस्ता आला. तडकलेल्या फोनातही तो अडखळला नाही. तिने खरंच हलका केला होता. कुंडलिकने सगळ्यात आधी किन्हवली गाठलं. पाटीखाली कमळाकर उभा होता, चेहरा स्पष्ट, हातात छत्री. त्याने दार उघडलं आणि बराच वेळ गाडी तिथंच उभी ठेवली. मग उलटा फिरून शहापूरकडे निघाला.

भातसेचा पूल आला. पंपघराच्या पायरीवर एक माणूस बसला होता, फिकट निळ्या शर्टाचा, हातातल्या फोनात डोकं घातलेला. तिने बारीकसारीक सगळं टिपलं होतं, उजव्या चपलेचा तुटलेला अंगठासुद्धा. कुंडलिकने पुलावर गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवला. त्या माणसाने वर पाहिलं नाही. त्याने पुन्हा वाजवला, मग तिसऱ्यांदा, जरा लांबवून.

चौथा हॉर्न फोनातला नव्हता. तो वरून, पुलावरून आला होता. कुंडलिकने मान वर केली तोवर सव्वानऊची गाडी पूल ओलांडून शहापूरच्या वळणाला लागली होती.